कोणतं दार कोणाचं

कोणी सरकारी पत्र घेऊन आलं की मी आधी मजकूर वाचत नसे. पत्राचे कोपरे बघत असे. एखाद्या कोपऱ्यात ‘कॅनडा’ हा शब्द आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावर चिमुकला झेंडा दिसला, की पत्र ऑटावाचं, म्हणजे केंद्राचं. ट्रिलियमचं तीन पाकळ्यांचं फूल दिसलं, की ओंटारिओ प्रांताचं. दोन्ही नसेल तर बहुतेक वेळा शहराचं. समोरचा माणूस तोवर माझ्या तोंडाकडे बघत बसलेला असायचा. त्याला पत्रात काय लिहिलंय ते हवं असायचं आणि मला ते कुठून आलंय ते.

टोरांटोच्या पश्चिमेला असलेल्या एका शहरात मी सोळा वर्षं हे काम केलं. २००६ ते २०११ एका खासदारांच्या स्थानिक कार्यालयात आणि नंतर २०२२ च्या अखेरपर्यंत ओंटारिओच्या विधानसभेतल्या एका सदस्यांच्या कार्यालयात. मतदारसंघाला इकडे ‘राइडिंग’ म्हणतात आणि आमच्या कामाला ‘केसवर्क’. भाषणं लिहिणं, प्रचार करणं यातलं काही माझ्याकडे नव्हतं. पासपोर्ट अडकला, पेन्शन थांबलं, आईचा व्हिसा नाकारला गेला, बेकारी विम्याचे दिलेले पैसे परत मागितले, हे घेऊन माणसं यायची. आम्ही त्यांच्याकडून संमतीपत्रावर सही घ्यायचो, कारण त्या सहीशिवाय दुसऱ्याच्या फायलीबद्दल आम्हाला कोणी काही सांगत नाही, आणि मग फोनला बसायचो.

त्याआधी सातारा जिल्ह्यात एका पंचायत समितीत मी सात वर्षं कनिष्ठ लिपिक होते. आवक-जावक नोंदवही, शिक्के, टिपणी, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे सगळं मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं. गावाकडच्या माणसाला दार ठाऊक असायचं. तलाठ्याकडे जायचं की तहसीलदाराकडे हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्या दारातून आत कसं शिरायचं हा त्याचा प्रश्न होता. इथे उलटं निघालं. इथे दारं उघडी होती, आतली माणसं सौजन्याने बोलत होती, पण आलेला माणूस नेमका चुकीच्या दारात उभा असायचा आणि तेवढ्याच सौजन्याने त्याला दुसरीकडे पाठवलं जायचं.

पहिल्या आठवड्यात माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद दाखवला. टाइप केलेला, कडा पिवळ्या पडलेला, तीन रकाने. पहिल्यात इमिग्रेशन, पासपोर्ट, बेकारी विमा, म्हातारपणाचं पेन्शन, आयकर. दुसऱ्यात आरोग्य कार्ड, शाळा, वाहन परवाना, जन्माचा दाखला, घरमालक-भाडेकरू वाद. तिसऱ्यात कचरा, बर्फ, बस, वाचनालय, मालमत्ता कर. मालमत्ता कराच्या पुढे पेन्सिलने बाण काढून दुसऱ्या रकान्याकडे नेला होता, कारण कर शहर घेतं पण घराची किंमत ठरवणारी संस्था प्रांताच्या कायद्याने चालते. अशा पेन्सिलच्या बाणांनी तो कागद भरत चालला होता. माझ्या पाच वर्षांत मीही सात-आठ बाण काढले.

या रकान्यांचं मूळ १८६७ च्या कायद्यात आहे. १ जुलै १८६७ ला ओंटारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक असे चार प्रांत मिळून हा देश झाला. आज दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. त्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये केंद्राचे विषय आहेत आणि ९२ मध्ये प्रांतांचे. शेजारच्या अमेरिकेतलं यादवी युद्ध दोनच वर्षांपूर्वी संपलं होतं आणि राज्यांना फार मोकळीक दिली की काय होतं हे पहिले पंतप्रधान जॉन मॅक्डोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून यादीत नसलेले उरलेसुरले अधिकार त्यांनी केंद्राकडे ठेवले. आपल्या घटनाकारांनीही हीच रीत धरली, आणि केंद्राने राज्यपाल नेमण्याची पद्धतही कॅनडासारखीच. सातारा सोडून इतक्या दूर आल्यावर इथल्या कायद्याच्या पुस्तकात ओळखीची चाल दिसली तेव्हा मला फार धीर आला होता.

पण कागदावरचं बळकट केंद्र प्रत्यक्षात तसं राहिलं नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधले न्यायाधीश पुढची कित्येक दशकं प्रांतांच्या बाजूने निकाल देत गेले. मंदीच्या काळात, १९३५ मध्ये, केंद्राने बेकारांसाठी विम्याचा कायदा केला तो १९३७ मध्ये त्यांनी रद्द ठरवला. हा विषय प्रांतांचा, असं म्हणून. शेवटी सगळ्या प्रांतांची संमती घेऊन १९४० मध्ये घटनाच बदलावी लागली. कारखाना बंद पडलेला माणूस माझ्यासमोर बसून विम्याचा अर्ज भरायचा तेव्हा मला हे आठवायचं. हा एक विषय दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात यायला, देशातली इतकी माणसं हातावर पोट घेऊन हिंडत असताना, पाच वर्षं गेली होती.

माझी सर्वांत मोठी चूक २००८ च्या जानेवारीत झाली. एक मराठी जोडपं आलं. नवऱ्याच्या वर्क परमिटची मुदत संपलेली, वाढीचा अर्ज वेळेत केलेला. निर्णय होईपर्यंत जुन्याच अटींवर काम करत राहायला कायद्याची मुभा होती, त्यामुळे नोकरी चालू होती. पण आरोग्य कार्डाची मुदत परमिटच्या तारखेला बांधलेली. नवा कागद दाखवा, कार्ड वाढवून देतो, असं त्यांना सांगण्यात आलं. बायको सातव्या महिन्यात. मी कपाटावरचा कागद मनात आणला: आरोग्य, दुसरा रकाना. त्यांना म्हटलं, हे आमच्याकडे नाही, रस्त्यापलीकडे प्रांतिक सदस्यांचं ऑफिस आहे तिथे जा. तिथून त्यांना सांगितलं, मूळ अडचण इमिग्रेशनच्या कागदाची, ती केंद्राची, खासदारांकडे जा. ते परत आले. मी पुन्हा समजावलं की कार्डाचा नियम आमच्या हातात नाही. तिसऱ्यांदा ती एकटीच आली. बाहेर उणे अठरा तापमान होतं. तिने कोट काढला नाही, टोपी काढली नाही, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही दोघं एकदा एकमेकांशी बोला ना. आमचं काय चुकलंय ते मला नका सांगू, फक्त एकमेकांशी बोला.”

मी काही बोलू शकले नाही. माझ्या वरिष्ठ बाई आतून आल्या, त्यांनी माझ्यासमोर समोरच्या ऑफिसला फोन लावला आणि तिकडच्या बाईंना म्हणाल्या, मी पाच मिनिटांत कागद घेऊन येते. गेल्याही. त्यांचे पक्ष एकमेकांच्या विरोधातले होते. त्याची आठवण कोणी काढली नाही. इमिग्रेशनचा अर्ज कुठवर आलाय याची चौकशी आम्ही टाकली, त्याचं लेखी उत्तर मिळालं, ते उत्तर तिकडच्या बाईंनी प्रांताकडे नेऊन लावून धरलं. कार्ड बाळंतपणाच्या अकरा दिवस आधी आलं. यात कोणाचाही नियम मोडला नव्हता. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यांच्या मधल्या फटीत एक गरोदर बाई उभी होती. साताऱ्यात असताना टोलवाटोलवी करणाऱ्यांचा मला राग यायचा. त्या जानेवारीत मी तेच केलं होतं, फक्त नम्रपणे.

त्यानंतर मी एक नियम पाळला. ‘हे आमचं काम नाही’ हे वाक्य मी एकटं कधी उच्चारलं नाही. ज्याचं काम आहे त्याला मी स्वतः फोन लावायचा, पलीकडचा माणूस बोलायला लागला की मगच रिसीव्हर आलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. यात वेळ जातो, आणि त्या वेळेबद्दल मला एकदा समजही मिळाली. तरी मी सोडलं नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आमचे फोन चार दिवस थांबले नाहीत. ऑक्टोबरच्या निवडणुकीत स्टीव्हन हार्पर यांच्या पक्षाला ३०८ पैकी १४३ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे बहुमत नव्हतं. विरोधकांनी एकत्र येऊन सरकार पाडायचं आणि आघाडीचं सरकार बनवायचं ठरवलं. ८ डिसेंबरला सभागृहात त्यासाठी मतदान होणार होतं. ४ तारखेला हार्पर गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांच्याकडे गेले आणि संसदेचं अधिवेशन स्थगित करण्याचा सल्ला दिला. दोन तासांहून जास्त वेळ ते आत होते. बाहेर थंडीत पत्रकार उभे, आणि इकडे आमच्या ऑफिसात लोक विचारत होते: ही बाई कोण? हिला कोणी निवडून दिलं? राणी लंडनला, ही ऑटावाला, आणि आमचं सरकार राहणार की जाणार हे ही ठरवणार?

स्थगिती मिळाली, संसद २६ जानेवारीला पुन्हा भरली, तोवर आघाडी विरून गेली. ते बरोबर झालं की नाही यावर इथले जाणकार आजही भांडतात. मला स्वतःला ते पटलं नव्हतं. सभागृहाला तोंड द्यायची वेळ आली असताना सभागृहच बंद करू देणं हे मला खटकलं, आणि फोनवरच्या लोकांना मी ते सांगू शकत नव्हते, कारण मत देणं माझं काम नव्हतं. मी एवढंच समजावत होते की राजाचा किंवा राणीचा प्रतिनिधी जवळजवळ सगळं पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतो. पण त्या सल्ल्यामागे सभागृहाचा विश्वास उभा आहे का, हा एक प्रश्न असतो आणि तो अशा वेळीच पुढे येतो. हे कलमांमध्ये सापडत नाही. १८६७ च्या कायद्यात पंतप्रधान हा शब्दसुद्धा नाही. ज्या माणसाभोवती सगळं राज्य फिरतं त्याचा अधिकार केवळ पाळत आलेल्या रीतींवर उभा आहे.

नऊ वर्षांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उलट घडलं. मे २०१७ च्या निवडणुकीत ८७ जागांपैकी सत्ताधारी लिबरल ४३, एनडीपी ४१ आणि ग्रीन ३. क्रिस्टी क्लार्क यांचं सरकार २९ जूनला ४४ विरुद्ध ४२ मतांनी पडलं. त्या त्याच संध्याकाळी प्रांतातल्या राणीच्या प्रतिनिधी, लेफ्टनंट गव्हर्नर ज्युडिथ गिशॉन यांच्याकडे गेल्या आणि पुन्हा निवडणूक मागितली. गिशॉन यांनी ती नाकारली आणि एनडीपीचे नेते जॉन हॉर्गन यांना सरकार बनवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात नव्या मुलांना हे सांगत होते तेव्हा त्यांना १९९४ च्या बोम्मई निकालाबद्दलही सांगितलं. बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला निकालात लिहावं लागलं. इथे ते न्यायालयापर्यंत गेलंच नाही. लेफ्टनंट गव्हर्नर इथेही केंद्राच्या सल्ल्यानेच नेमला जातो. प्रांताचा कायदा रद्द करण्याचा अधिकारही केंद्राकडे कागदोपत्री आहे. पण १९४३ नंतर तो कोणी वापरलेला नाही. हाताशी असलेला अधिकार न वापरण्याचीही एक रीत असते आणि ती मोडायला एकच माणूस पुरतो, ही भीती मला या कामाने दिली. ती अजून गेलेली नाही.

शहरांना मात्र असं कोणतंही कवच नाही. शहर ही प्रांताने केलेली वस्तू. २०१८ मध्ये टोरांटोत महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार सुरू असताना प्रांताने कायदा करून ४७ प्रभागांचे २५ केले. २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो वैध ठरवला. मी तेव्हा प्रांतिक सदस्यांकडे होते आणि फोनवर जे ऐकून घ्यावं लागलं ते ऐकून घेण्यासारखंच होतं.

प्रांताकडे येण्याआधी, २०११ च्या मे महिन्यात, आमचे खासदार हरले. लोक निवडणुकीची रात्र बघतात. मला त्यानंतरचे दिवस आठवतात. कार्यालय रिकामं करायचं होतं आणि कपाटात १४० चालू फायली होत्या. त्या नव्या खासदारांकडे परस्पर देता येत नाहीत. माणसाने संमती आमच्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. म्हणून आम्ही दोघी एकेकाला फोन करत बसलो. फाइल परत घ्याल, नव्या ऑफिसला देऊ, की नष्ट करू? एक म्हातारे शीख गृहस्थ म्हणाले, “जो आलाय तो दुसऱ्या पक्षाचा, तो माझ्या मुलाचं काम कशाला करेल?” मी म्हटलं, “बाबाजी, ते आता तुमचेही खासदार आहेत. तुम्ही मत कोणाला दिलं हे त्यांना विचारता येत नाही आणि तुम्ही सांगायचंही नाही.” त्यांनी फाइल नव्या ऑफिसला दिली. बऱ्याच जणांनी नष्ट करायला सांगितली. दुपारभर कागद फाडायच्या यंत्राचा आवाज चालला होता आणि एकेक पट्टी पिशवीत पडत होती: कोणाचं लग्नाचं प्रमाणपत्र, कोणाच्या आईचा डॉक्टरी दाखला. ज्यांचं राज्य गेलं तेही रडत नव्हते, मी मात्र त्या यंत्राजवळ रडले.

प्रांताकडे आल्यावर जो प्रसंग सर्वांत जड गेला तो एका मराठी बाईचा. नवऱ्याने मारलं म्हणून तिने रात्री पोलिसांना फोन केला होता. नवऱ्याला अटक झाली, घराजवळ फिरकायला मनाई झाली. तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली ती तक्रार मागे घ्यायला. सासरचे सांगलीहून रोज फोन करत होते, घराचा हप्ता थकला होता, मुलगा बाबांना विचारत होता. तिच्या हातात न्यायालयाचा कागद होता. वर लिहिलं होतं राणी विरुद्ध तिचा नवरा. ती म्हणाली, “ताई, मार मी खाल्ला. मग माझं नाव कुठे आहे यात?”

मी तिला सांगितलं की इथे फौजदारी कायदा केंद्राचा, खटला चालवणारा वकील प्रांताचा, त्याला म्हणतात क्राउन अ‍ॅटर्नी, आणि खटला राणीच्या नावाने. आपल्याकडे महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक लिहितात तसंच. तक्रार तुझी असली तरी खटला तुझा नाही, तो मागे घेणं तुझ्या हातात नाही. आणि चालू खटल्यात आमच्या सदस्यांनी एक शब्दही बोलायचा नसतो, त्यामुळे मी कोणाला फोनही करू शकत नाही. ती बराच वेळ त्या ‘राणी’ शब्दाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सासूबाईंना मी सांगू शकते की माझ्या हातात नाही?” मी हो म्हटलं. तिचा चेहरा सुटला. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मी तिला पीडितांना मदत करणाऱ्या कार्यालयाचा नंबर लावून दिला आणि मराठी बोलणारी समुपदेशक मिळेपर्यंत तिच्यासोबत बसून राहिले. राजसत्तेचं नाव एखाद्या एकट्या बाईला आडोसा म्हणून उपयोगी पडेल हे मी कधी कल्पिलं नव्हतं.

कारण ते नाव मला स्वतःला सोपं गेलेलं नाही. माझे आजोबा सातारच्या पत्री सरकारच्या काळात भूमिगतांना रात्री भाकरी पोचवायचे. आमच्या घरात ती गोष्ट दर पंधरा ऑगस्टला सांगितली जायची. आणि २००४ मध्ये मी एका सभागृहात उजवा हात वर करून उभी होते, कॅनडाची राणी दुसरी एलिझाबेथ आणि तिचे वारस यांच्याशी एकनिष्ठ राहीन अशी शपथ घेत. आदल्या रात्री मी वडिलांना फोन केला होता. “आप्पा, मला हे जमत नाहीये,” म्हटलं. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “तुझ्या आजोबांचं भांडण राजाशी नव्हतं गं. राजा त्यांनी कधी पाहिला होता? राजाच्या नावाने इथे जे राज्य करत होते आणि कोणालाच उत्तर देत नव्हते, त्यांच्याशी होतं. तिथे राणीच्या नावाने कोण राज्य करतं आणि ते उत्तर कोणाला देतात, ते बघ.”

कामाची सोळा वर्षं मी तेच बघत होते असं आता वाटतं. कायद्यावर मोहोर राजाची, निर्णय मंत्र्यांचा, आणि जबाब सभागृहात द्यायचा. सभागृहातल्या त्या सदस्याला पुन्हा आमच्यासारख्या ऑफिसात आलेल्या माणसासमोर बसायचं. ही साखळी जिथे तुटते तिथे माणूस हेलपाटे घालत राहतो. शपथेबद्दल २०१४ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयानेही असंच काहीसं म्हटलं: ती शपथ एका व्यक्तीशी नाही, राज्यपद्धतीशी आहे. तो निकाल मी घरी प्रिंट काढून वाचला. वंशपरंपरेने कोणी राष्ट्रप्रमुख व्हावं हे मला आजही पटत नाही. पण सत्तेवर बसलेल्याने ‘हे राज्य माझं’ म्हणू नये म्हणून ते नाव दुसऱ्याच्या हाती ठेवलंय, हा त्यातला अर्थ मला पटतो.

त्या अर्थालाही एका माणसाने धक्का दिला. वाचनालयातल्या एका कार्यक्रमात मी हीच मांडणी करत होते, राजमुकुट म्हणजे केवळ एक नाव वगैरे. मूळ रहिवाशांपैकी एक वृद्ध गृहस्थ शेवटी उठले आणि म्हणाले, “तुमच्यासाठी ते नाव असेल. आमच्या पूर्वजांनी करार केला तो त्या मुकुटाशी. सरकारं येतात-जातात. करार ज्याच्याशी झाला त्याला नाव म्हणून बाजूला ठेवता येत नाही.” मी खाली बसले. आमच्या भागातली जमीन १८१८ च्या करारातली आहे हे मला पाठ होतं, पण करार म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधलेलं असणं हे मी कधी मनाशी आणलं नव्हतं. २०२१ मध्ये नागरिकत्वाच्या शपथेत त्या करारांचा उल्लेख आला. तेव्हापासून शपथविधीला गेले की मी तो भाग पुटपुटते; माझ्या वेळी तो नव्हता.

८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली. त्या दुपारी आमच्या ऑफिसात एक गृहस्थ जन्मदाखल्यातलं नाव दुरुस्त करायला बसले होते. फोनवर बातमी आली. त्यांनी विचारलं, “आता आजचं काम थांबणार का?” थांबलं नाही. तो अर्ज त्याच दुपारी पुढे गेला. राजा त्याच क्षणी झाला होता. कोणाची सही लागली नव्हती. भिंतीवरची तसबीर आम्ही काही दिवसांनी काढली. मागे भिंतीचा रंग थोडा उजळ राहिला होता, चौकोनी.

मी निवृत्त झाल्यावर, २७ मे २०२५ ला, तिसरे चार्ल्स ऑटावाला आले आणि संसदेसमोर त्यांनी अभिभाषण वाचलं. राजाने किंवा राणीने स्वतः ते वाचण्याची ही १९७७ नंतरची पहिली वेळ. कॅनडा आपल्यात विलीन व्हावा असं अमेरिकेचे अध्यक्ष उघड बोलत होते, त्या दिवसांत. मी टीव्हीसमोर बसून ऐकलं. त्यातलं धोरण मंत्रिमंडळाचं होतं आणि वाचणाऱ्याने त्यात स्वतःचं मत मिसळलं नाही. मला आप्पांची फार आठवण आली.

त्याआधी महिनाभर, २८ एप्रिलला, मी मतदानाला गेले होते. केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होतं. टेबलामागे एक सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. सोळा पूर्ण झालेल्यांना इथे मतदान केंद्रावर काम करता येतं. मी वाहन परवाना पुढे केला. त्याने तो घेतला, पट्टी लावून यादीतलं नाव शोधलं, आणि मग आडनाव पुन्हा वाचून वर बघितलं. “काकू, तुम्ही त्या ऑफिसमधल्या का? आईने सांगितलं होतं तुम्ही याच केंद्रावर येता म्हणून.” त्या जानेवारीत कोट न काढता बसलेल्या बाईचा हा मुलगा. मी परवान्यावरच्या फुलाकडे बोट दाखवून विचारलं, “निवडणूक केंद्राची आणि ओळखपत्र प्रांताचं. चालतं का रे?”

“चालतं,” तो म्हणाला. माझ्या नावावर त्याने पेन्सिलने रेघ मारली, मतपत्रिकेची घडी घालून माझ्या हातात दिली आणि पडद्याकडे बोट केलं. “आत पेन्सिल आहे. फक्त फुली करायची.”